धारचे शिलाधन आणि त्याची नोंद

माळव्यातील शाळांच्या सहली धारला जातात तेव्हा त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. किल्ला, लाट मशीद, भोजशाळा, आणि दुपार होण्यापूर्वी मांडवगडाचा रस्ता. मध्ये वेळ उरला तर संग्रहालय. तेथील भग्न मूर्ती, स्तंभांचे तुकडे आणि अक्षरे कोरलेल्या शिळा पाहून विद्यार्थी थोड्याच वेळात बाहेर येतात, आणि सहलीच्या निबंधात 'पुष्कळ जुन्या मूर्ती पाहिल्या' एवढे एकच वाक्य उतरते. ह्यात त्यांचा दोष नाही. दगड आपण होऊन बोलत नाही. त्याला बोलते करण्याची विद्या ज्याने शिकवावयाची, तो शिक्षकच पुष्कळदा त्या दालनात मुका असतो.

प्रादेशिक संग्रहालयाचा स्थायी संग्रह कसा पाहावा, ह्याचे थोडे विवेचन धारच्या उदाहरणावरून करावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आमचे प्रतिपाद्य थोडक्यात असे की, संग्रह तीन गोष्टींनी बनतो: वस्तू, ती ज्या जागी सापडली ती जागा, आणि तिच्यावर किंवा तिच्याविषयी लिहिलेला मजकूर. ह्यांपैकी एक गोष्ट हरवली की उरलेल्या दोन पांगळ्या होतात. धारचे शिलाधन आज एका इमारतीत नाही. काही धारच्या संग्रहालयात आहे, काही जुन्या वास्तूंच्या भिंतींत व खांबांवर आहे, एक महत्त्वाची शिळा मुंबईस आहे आणि एक प्रसिद्ध मूर्ती लंडनला गेली. ह्या विखुरलेल्या वस्तूंना एकत्र बांधणारा धागा नोंदीचा आहे, आणि तो जेथे तुटला तेथे काय झाले हे पाहणे उद्बोधक आहे.

प्रथम ह्या धनाची उत्पत्ती पाहू. परमार राजांची राजधानी म्हणून धारेचा उत्कर्ष भोजदेवाच्या काळी, म्हणजे अंदाजे १०१० ते १०५५ ह्या वर्षांत झाला. भोजानंतर उदयादित्य, नरवर्मा, अर्जुनवर्मा इत्यादी राजांनी विद्येचा तो वारसा सांभाळला. १३०५ मध्ये माळवा दिल्लीच्या सत्तेखाली गेला. पुढे येथे स्वतंत्र सुलतानी नांदली, मोगल आले, आणि अठराव्या शतकात मराठ्यांच्या स्वाऱ्यांबरोबर पवार घराणे धारला व देवासला स्थिरावले. इतक्या सत्तांतरांत जुन्या इमारतींचे दगड नव्या इमारतींत वापरले गेले. त्यामुळे एकच शिळा एका काळी ग्रंथाचे पान, दुसऱ्या काळी भिंतीचा चिरा आणि तिसऱ्या काळी संशोधनाचे साधन झालेली आढळते.

ह्या तिसऱ्या अवस्थेस आरंभ झाला तो विसाव्या शतकाच्या प्रारंभी. भोपावर एजन्सीचे पोलिटिकल एजंट कॅप्टन बार्न्स ह्यांना धार आणि मांडव येथील अवशेषांविषयी आस्था होती, आणि धार संस्थानात पुरातत्त्वाचे काम त्याच सुमारास सुरू झाले. परंतु प्रत्यक्ष दगडांपाशी बसून काम करणारी व्यक्ती होती ती संस्थानच्या शिक्षण खात्याचे सुपरिंटेंडेंट काशिनाथ कृष्ण लेले. शाळा तपासणारा हा मराठी अधिकारी शिलालेखही तपासू लागला, ही गोष्ट आम्हां शिक्षकांस विशेष अभिमानाची वाटली पाहिजे.

शिलालेखाचे वाचन होते ते मुख्यतः त्याच्या ठशावरून. दगड स्वच्छ धुऊन त्यावर ओला कागद पसरतात आणि कुंचल्याने तो हलके ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवितात. कागद किंचित सुकला की शाईचा बोळा वरून टिपतात. पृष्ठभाग काळा होतो, खाचांत गेलेला कागद पांढरा राहतो, आणि अक्षरे काळ्या पाटीवर खडूने लिहावी तशी उमटतात. असा ठसा दूरदेशीच्या पंडिताला पाठविता येतो. दगड मात्र जागचा हलत नाही. वस्तू न हलविता तिचे ज्ञान जगभर पोहोचविण्याची ही रीत संग्रहालयशास्त्रातील एक उत्तम रीत होय.

१९०३ साली लेले ह्यांना कमाल मौला मशिदीत काळ्या दगडाची एक मोठी शिळा आढळली. हीच वास्तू भोजशाळा ह्या नावानेही ओळखली जाते. वास्तूच्या स्वरूपाविषयीचा वाद न्यायालयात गेलेला आहे आणि तो आमच्या लेखाचा विषय नाही. आम्हांस कर्तव्य आहे ते शिळेशी. तिचे वाचन जर्मन पंडित हुल्ट्श ह्यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात प्रसिद्ध केले, तेव्हा असे दिसून आले की तो दानलेख किंवा प्रशस्ती नसून संपूर्ण नाटकाचा अर्धा भाग आहे. 'पारिजातमंजरी' अथवा 'विजयश्री' ही ती नाटिका. कर्ता मदन; त्यास 'बालसरस्वती' अशी पदवी होती, आणि तो अर्जुनवर्म्याचा राजगुरू. अर्जुनवर्मा स्वतःही रसिक होता. अमरुशतकावर त्याची 'रसिकसंजीवनी' टीका प्रसिद्धच आहे.

नाटिकेची कल्पना मोठी मनोरम आहे. गुर्जरराज जयसिंहावर विजय मिळविल्यावर अर्जुनवर्म्याच्या वक्षःस्थळावर पारिजाताची मंजरी पडते आणि तिची एक सुंदर कन्या होते. युद्धातील जय येथे स्त्रीरूपाने अवतरला आहे, म्हणूनच नाटिकेचे दुसरे नाव विजयश्री. प्रयोग वसंतोत्सवात, धारेतील सरस्वतीच्या मंदिरात व्हावयाचा असा उल्लेख प्रस्तावनेत आहे. गद्य प्राकृत शौरसेनीत आणि पद्य प्राकृत माहाराष्ट्रीत, हा नाट्यशास्त्राचा संकेतही कवीने पाळला आहे. नाटिका चार अंकांची. उपलब्ध शिळेवर दोनच अंक आहेत. उरलेले दोन अंक ज्या शिळेवर असावेत ती मिळालेली नाही, आणि ह्या नाटिकेची हस्तलिखित प्रतही हाती आलेली नाही. मंजरीचे पुढे काय झाले हे म्हणूनच आपणांस ठाऊक नाही. एका दगडाच्या अभावी साहित्यातील एक कृती अर्धी राहिली, हे वाङ्मयाच्या अभ्यासकाने ध्यानात घ्यावे. विद्यार्थ्यांस 'शिलालेख जपा' असा उपदेश करण्यापेक्षा ही अर्धी राहिलेली गोष्ट सांगावी. ती अधिक परिणाम करते.

त्याच वास्तूतील दुसरा ठेवा मराठी वाचकांस अधिक जवळचा आहे. पृथ्वीला पाठीवर धारण करणाऱ्या कूर्माची स्तुती करणारी दोन प्राकृत शतके तेथे शिळांवर कोरलेली सापडली. प्रत्येकात १०९ पद्ये असून कर्तृत्व भोजाकडे दिलेले आहे. पिशेल ह्या प्राकृतच्या थोर अभ्यासकाने ती त्याच आठव्या खंडात प्रसिद्ध केली. कूर्माने पृथ्वीचा भार वाहिला खरा, परंतु तो भार आता भोजाने उचलला आहे, असा काव्याचा रोख आहे. त्याच त्या कल्पना फिरवून फिरवून सांगितल्यामुळे काव्य म्हणून ही शतके फार सरस म्हणता यावयाची नाहीत. त्यांचे महत्त्व भाषेत आहे. ती माहाराष्ट्री प्राकृतात आहेत. ज्या भाषेच्या नावातच महाराष्ट्र आहे आणि जिच्याशी मराठीचे नाते सर्वमान्य आहे, ती अकराव्या शतकात नर्मदेच्या उत्तरेस राजसभेची काव्यभाषा म्हणून दगडावर कोरली जात होती, हे त्या शिळा सांगतात. माळव्यात मराठी वाङ्मयाची परंपरा पवार, होळकर, शिंदे ह्यांच्याबरोबर आली असे आपण मानतो. ते मराठीपुरते बरोबर आहे. परंतु मराठीच्या पूर्वज-भाषेचे पाऊल येथे त्यापूर्वी शतकानुशतके उमटलेले होते.

तिसरा ठेवा तर खास शिक्षकांचाच आहे. तेथील खांबांवर 'सर्पबंध' लेख आहेत. नागांची वेटोळी कोरून त्यांच्या घरांत वर्णमाला, नामांचे प्रत्यय आणि धातूंचे प्रत्यय भरलेले आहेत. एका दृष्टिक्षेपात व्याकरणाची सारणी डोळ्यांपुढे उभी राहावी अशी ही योजना आहे. उदयादित्य आणि नरवर्मा ह्यांची नावे त्यांच्याशी निगडित असून अशाच जातीचे लेख उज्जैन व ऊन येथेही मिळाले आहेत. आपण वर्गात तक्ते टांगतो. परमारांच्या माळव्यात ते दगडावर कोरले जात. पाठांतराचा कंटाळा करणाऱ्या विद्यार्थ्यास हा नऊशे वर्षांपूर्वीचा तक्ता दाखवून पाहावा. आमच्या अनुभवात त्या वेटोळ्यांपुढे मुले मूर्तींपेक्षा अधिक वेळ थांबतात, कारण त्यांतील 'अ आ इ ई' ओळखण्याची त्यांच्यात चढाओढ लागते.

येथपर्यंत वर्णिलेल्या शिळांची जागा ठाऊक आहे, मजकूर वाचलेला आहे. त्यामुळे त्यांविषयी मतभेद झाला तरी तो पुराव्याच्या मर्यादेत राहतो. आता धारेबाहेर गेलेल्या दोन वस्तूंकडे वळू.

पहिली मुंबईची. १९२२ साली जनतेस खुल्या झालेल्या आणि आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत 'राउळवेल' नावाचा शिलालेख आहे. तो धारहून आला असे सांगितले जाते. रोड नावाच्या कवीची ही कृती. अक्षरांच्या वळणावरून ती अकराव्या शतकातील ठरविली जाते. निरनिराळ्या प्रदेशांतील स्त्रियांचे रूप, वेश व अलंकार ह्यांचे वर्णन तीत असून ते वेगवेगळ्या देशी बोलींच्या छटांत केलेले आहे. आधुनिक आर्यभाषा अपभ्रंशातून बाहेर पडत असतानाचा असा नमुना दुर्मिळ होय. हरिवल्लभ भायाणी आणि माताप्रसाद गुप्त ह्यांनी ह्या लेखाचा वेगवेगळ्या रीतीने अर्थ लावला. त्यातील एका वर्णनात मराठीच्या प्राचीन रूपाची चिन्हे काही अभ्यासकांना दिसली, तर इतरांनी ते वेगळ्या रीतीने उलगडले. 'राउळ' हा शब्द 'राजकुल' ह्यापासून आलेला. मराठीने तो देवाच्या निवासासाठी राखून ठेवला. शिळा भंगलेली आहे, पुष्कळ अक्षरे गेली आहेत. अशा वेळी ती धारेत नेमकी कोठे, कोणत्या वास्तूत, कोणत्या शिळांच्या शेजारी होती हे ठाऊक असते, तर कृतीचा हेतू आणि तिचा श्रोतृवर्ग ह्यांवर केवढा प्रकाश पडला असता! केवळ 'धार' एवढ्या एका शब्दाने अभ्यासकाची तहान भागत नाही.

दुसरी वस्तू लंडनची. १८७५ च्या सुमारास धार शहरातील जुन्या राजवाड्याच्या अवशेषांत एक देवीमूर्ती मिळाली आणि १९०९ साली ती ब्रिटिश म्युझियमच्या दफ्तरी दाखल झाली. १९२४ मध्ये 'रूपम्' ह्या नियतकालिकात ओ. सी. गांगुली व के. एन. दीक्षित ह्यांनी ती भोजाच्या सरस्वतीची म्हणून प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून 'धारची वाग्देवी' ह्या नावाने ती घराघरांत पोहोचली. पाठ्यपुस्तके, दिनदर्शिका, स्मरणिका ह्यांतून आपण सर्वांनी ते छायाचित्र पाहिले आहे. ती मायदेशी परत यावी अशी मागणीही पुष्कळ वर्षे होत आली आहे.

परंतु मूर्तीच्या पायाशी एक लेख आहे. त्यात संवत् १०९१, म्हणजे इसवी सन १०३४, अशी मिती आहे. भोजाचे नाव आहे. लेखाचा आशय असा की, वररुचीने प्रथम वाग्देवीची मूर्ती करविली, त्यानंतर तीन जिनांच्या मूर्ती करविल्या, आणि मग ही अंबेची मूर्ती करविली. सूत्रधार सहिराचा पुत्र मणथल ह्याने ती घडविली आणि शिवदेवाने लेख लिहिला. भायाणी ह्यांनी १९८१ साली ह्या वाचनाकडे लक्ष वेधून मूर्ती जैन परंपरेतील अंबिकेची आहे असे दाखविले. पायथ्याशी असलेली सिंहाची आकृतीही अंबिकेच्या लक्षणांशी जुळते. लेखातील काही अक्षरे झिजलेली आहेत. तरीही मूर्तीचे नाव सांगणारा शब्द तिच्याच अंगावर आहे, हे विसरता येत नाही.

ह्या वाचनाने काहींच्या मनाला धक्का बसला असेल. आम्हांस मात्र ते धारेचे वैभव कमी करणारे वाटत नाही. भोजाच्या राज्यात एकच माणूस वाग्देवी, जिन आणि अंबिका ह्या तिन्हींच्या मूर्ती करवितो, ही गोष्ट त्या काळच्या विद्यावातावरणाविषयी पुष्कळ सांगून जाते. शिवाय ह्याच लेखामुळे वररुचीची वाग्देवी म्हणून एक वेगळी मूर्ती होती हे आपणांस कळते. ती अद्याप ओळखली गेलेली नाही. पारिजातमंजरीची दुसरी शिळा जशी अज्ञात, तशीच ही. मूर्तीचा मुखवटा पाहून नाव द्यावयाचे की पायाशी कोरलेला मजकूर वाचून, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा नाही; प्रत्येक शिक्षकाने वर्गात रोज सोडवावयाचा तो प्रश्न आहे. ऐकीव गोष्ट आणि पुरावा ह्यांतील भेद मुलास ज्या दिवशी कळतो, त्या दिवशी त्याचे इतिहासाचे शिक्षण सुरू होते.

जी वस्तू हलविता येत नाही तिच्यातही नोंद कशी साठत जाते, ह्याचे उदाहरण लाट मशिदीजवळचा लोहस्तंभ होय. मशीद दिलावरखानाने १४०५ साली बांधली. तिचे नावच ह्या लाटेवरून पडले. स्तंभ आज तीन तुकड्यांत आहे. तिन्हींची मिळून लांबी सुमारे १३ मीटर आणि वजन सुमारे ७ टन भरते. लांबीत तो दिल्लीच्या प्रसिद्ध लोहस्तंभाच्या जवळजवळ दुप्पट होतो. लोखंडाचे गोळे तापवून, ठोकून, एकमेकांस जोडून तो घडविला आहे. त्यावर अकबराच्या दक्षिण स्वारीच्या वेळचा फारसी लेखही आहे. परमारकालीन लोहारांचे कसब आणि मोगल बादशहाचा मुक्काम, दोन्ही एकाच लोखंडावर वाचावयास मिळतात.

देवासकडे पाहिले तर संग्रहाचा आणखी एक प्रकार आढळतो. देवास जिल्ह्यातील सोनकच्छ तालुक्यात गंधर्वपुरी, जुन्या नावाने गंधावल, हे गाव आहे. तेथे परमारकाळातील जैन व ब्राह्मणी परंपरेच्या मूर्ती मोठ्या संख्येने मिळाल्या आणि त्या गावातच जतन केल्या गेल्या. मोठ्या शहरातील संग्रहालयात त्या अधिक लोकांच्या दृष्टीस पडल्या असत्या, हे खरे. परंतु ज्या मातीतून मूर्ती निघाली त्याच मातीत ती उभी असली म्हणजे तिच्या जागेची नोंद वेगळी ठेवावी लागत नाही. गाव हेच नोंदवहीचे पान होते. मात्र तिच्या भोवतालच्या माणसांस तिचे मोल ठाऊक असले तरच ही व्यवस्था टिकते. ते ठाऊक करून देणे हे गावच्या शाळेचे काम आहे.

दगडाच्या इतक्या जुन्या गोष्टींनंतर आमच्या आजोबा-वडिलांच्या काळातील एका संग्रहाचा उल्लेख केल्यावाचून हा लेख पुरा व्हावयाचा नाही. शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके हे मूळचे वसईचे, जन्म १८८४. मुंबईच्या गिरगाव चौपाटीवरील लोकमान्य टिळकांचा पुतळा, जो १९३३ साली उभा राहिला, तो त्यांच्याच हातचा. पुढे ते धारला आले आणि तेथेच राहिले. १९६१ साली त्यांस पद्मश्री मिळाली. १९७२ मध्ये ते निवर्तले. धारमधील फडके स्टुडिओ म्हणजे एका मराठी शिल्पकाराच्या आयुष्यभराच्या कामाचा ठेवा होय.

येथील कृतींविषयी एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. प्लास्टरचा पुतळा म्हणजे कच्चा नमुना आणि ब्राँझचा किंवा संगमरवराचा तोच खरा, असे सामान्यतः समजतात. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. शिल्पकार प्रथम मातीत घडवितो. तिच्यावरून प्लास्टरचा साचा निघतो आणि त्या साच्यातून प्लास्टरची प्रतिमा. ब्राँझ ओतणारे किंवा माप घेऊन संगमरवर कोरणारे हात पुष्कळदा दुसऱ्यांचे असतात. ओली माती नष्ट झाल्यावर शिल्पकाराच्या बोटांच्या सर्वांत निकट उरते ते प्लास्टरच. ते दिसावयास पांढरे आणि टणक असले तरी प्रकृतीने नाजूक असते. पाण्याने ते हळूहळू झिजते, दमटपणाने आतील लोखंडी सांगाडा गंजून फुगतो आणि बाहेरचा थर तडकतो. परमारांची शिळा नऊ शतके भिंतीत टिकली. प्लास्टरला गळक्या छपराखालील काही पावसाळेही भारी पडतात. म्हणून अशा संग्रहास शिलालेखांपेक्षा अधिक काळजी हवी, आणि प्रत्येक कृती कोणाची, कोणत्या स्मारकासाठी केलेली, कोणत्या सालची, ही माहिती सांगणारी माणसे आहेत तोवरच लिहून ठेवावयास हवी.

आता शिक्षकाने प्रत्यक्ष काय करावे, ह्याविषयी थोडे. आमची सूचना साधी आहे. प्रत्येक शाळेने एक वही घालावी. परिसरात पारावर, विहिरीच्या काठाशी, देवळाच्या आवारात, शेताच्या बांधावर जी जुनी शिळा, सतीचा दगड, मूर्ती किंवा अक्षरे असतील, त्यांची प्रत्येकी एका पानावर नोंद करावी: गाव व नेमकी जागा, लांबी-रुंदी, दगडाचा रंग, कोरीव भागाचे साधे रेखाटन, छायाचित्र, गावकरी तिला काय म्हणतात, आणि नोंदीची तारीख. गावकऱ्यांचे म्हणणे आणि विद्यार्थ्याने डोळ्यांनी पाहिलेले ह्यांसाठी दोन वेगळे रकाने ठेवावेत. वस्तू उचलून शाळेत आणू नये. अक्षरे स्पष्ट व्हावीत म्हणून तेल, शेंदूर किंवा खडू लावू नये. जमिनीतून नवीन काही निघाले तर १८७८ च्या निखात-निधी कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे, आणि पुरावस्तूंच्या व्यवहारासाठी १९७२ चा कायदा आहे, हेही मुलांस सांगावे. वहीची एक प्रत जिल्ह्याच्या संग्रहालयास द्यावी.

हाच नियम घरोघरच्या मोडी कागदांस लागू आहे. धार व देवास येथील जुन्या मराठी कुटुंबांत पेट्यांच्या तळाशी सनदा, हिशेब, पत्रे असतात. मोडी वाचणारी पिढी सरली की ते कागद रद्दी ठरतात. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते कोणाचे, कोठून आले, एवढे तरी नागरी लिपीत एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे. वाचणारा पुढे भेटेल. परंतु कागद कोणत्या घरचा हे सांगणारा पुन्हा भेटेलच असे नाही.

लेले ह्यांच्यापाशी मोठे साधन नव्हते. शिक्षण खात्याची नोकरी सांभाळून त्यांनी दगड पाहिले, जागा टिपल्या आणि ठसे योग्य हातांत पोहोचविले. त्यामुळे एका नाटिकेचे दोन अंक आज जगास उपलब्ध आहेत. उरलेले दोन अंक, आणि वररुचीची ती पहिली वाग्देवी, कदाचित अजूनही कोठे तरी माळव्यातच पालथ्या पडलेल्या दगडांत असतील. त्यांवर पाऊल पडेल ते बहुधा शाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलाचे. त्याने थांबून खाली पाहावे आणि पाहिले ते शिक्षकास सांगावे, इतकी सवय त्याला लावणे आपल्या हाती आहे.